चाकं थांबल्यावरचे साडेनऊ तास

सोलापुरात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी हिशेब लिहितो. बिल्टी, खर्ची, उचल, डिझेल ह्यातच माझा दिवस जातो. कुणा ड्रायव्हरला दुसरीकडून नोकरीचं बोलावणं आलं की तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी येतो आणि म्हणतो, "साहेब, जरा बघा की, परवडतंय का?" गेल्या एप्रिलमध्ये असाच कागद आला तो माझ्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. त्यांच्या परवानगीनं हे प्रकरण सगळं लिहून काढतोय. नावं गाळली आहेत, आकडे खरे आहेत.

दाजींचं वय 41. सतरा वर्षं अवजड गाडीवर. चार गाड्यांच्या एका मालकाकडे दहाचाकी चालवत होते. इथून कांदा भरायचा आणि बंगळूर नाहीतर चेन्नई गाठायची, परतीला मिळेल तो माल. सोलापूरच्या बाजार समितीतून कांदा दक्षिणेला कसा जातो हे इथल्या कुणालाही सांगायला नको. हंगामात गाडी उभी राहत नाही, आणि हंगाम सरला की चार-चार दिवस गाडी यार्डात आणि ड्रायव्हर गाडीत.

नवं काम असं होतं. एका मोठ्या दुकानसाखळीचं गोदाम पुणे रस्त्याला आहे. किराणा, तेल, साबण, प्लास्टिकचं सामान, थोडे कपडे. तिथून बार्शी, धाराशिव, तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट अशा गावांतल्या दुकानांना रोज माल जातो. गाड्या ठेकेदाराच्या, पण वर्षभर त्या एकाच साखळीला लावलेल्या. दुसरं भाडं नाही, परतीच्या मालाची शोधाशोध नाही. चौदा फुटी, बंद बॉडीची गाडी. सकाळी निघायचं आणि रात्री घरी. ठेकेदाराच्या माणसानं फोनवर सांगितलं, "वीस हजार पगार, वर प्रत्येक थांब्याचे पस्तीस रुपये. पीएफ, ईएसआय सगळं." म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि कामगार राज्य विमा.

ताईनं हे ऐकलं आणि तिच्या लेखी निर्णय झाला. "रोज घरी येणार ना? मग काय बघायचंय?" ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल शिवायला जाते. पोरगी यंदा दहावीला. सतरा वर्षांत दाजी किती दिवाळ्यांना घरी होते, हे तिनं बोटांवर मोजून दाखवलं. एका हाताची बोटं पुरली.

हातात काय पडतं

जुन्या कामाचा हिशेब सरळ. पगार 15,000. गाडी रस्त्यावर असेल त्या दिवसाला 400 रुपये भत्ता. महिन्याला सरासरी 22 दिवस धरले तर 8,800. एकूण 23,800. पण रस्त्यावर खाणं, चहा, आंघोळीचं पाणी ह्यात रोजचे 250 जातातच, म्हणजे 5,500. घरी उरतात 18,300. पीएफ नाही, विमा नाही, पगारी सुट्टी नाही.

नव्या कामाचा "वीस हजार" हा आकडा मी ठेकेदाराच्या ऑफिसातून कागदावर मागवला, कारण असल्या आकड्यांत काय काय धरतात हे मला ठाऊक आहे. ज्याला ते पगार म्हणत होते त्यात मालकानं भरायचा पीएफ आणि ईएसआयसुद्धा धरला होता. खरा पगार 17,500, त्यात ते 1,950 आणि 569 मिळवून साधारण वीस हजार केले होते. त्यात थांब्यांचे पैसे मिळवायचे. महिन्याला साधारण 85 थांबे, म्हणजे 2,975. झाले 20,475. त्यातून दाजींच्या वाट्याचा पीएफ 1,800, ईएसआय 154 आणि व्यवसाय कर 200 कापायचा. हातात 18,321.

इकडे 18,300, तिकडे 18,321. एकवीस रुपयांचा फरक. घरी जेवणार म्हटल्यावर ताईच्या डब्याचा खर्च वाढणार, तो धरला तर नवं काम उलट थोडं कमीच.

दाजी कागदाकडे बघत बसले. म्हणाले, "मग कशाला सोडायचं? इथं निदान ओळख आहे."

ओळखीची किंमत मला मान्य आहे. दाजींना टायफॉइड झाला होता तेव्हा मालकानं महिनाभर निम्मा पगार घरी पाठवला होता. ताईच्या सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला 35,000 ची उचल दिली, व्याज नाही, कागद नाही. असा मालक मिळणं हा आमच्या धंद्यात एक प्रकारचा विमाच असतो. फक्त तो मालकाच्या मनावर आणि तब्येतीवर चालतो. ह्या मालकाचं वय आता पासष्टच्या घरात आहे आणि मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्या चार गाड्या किती दिवस राहतील हे दाजींनाही ठाऊक होतं, पण बोलायचं नव्हतं.

म्हणून कापलं जाणारं काय आहे ते मी त्यांना उलगडून सांगितलं. पीएफचे दाजींचे 1,800 आणि मालकाचे 1,800 (1,950 मधले उरलेले 150 विमा आणि कार्यालयीन खर्चाचे). मालकाच्या वाट्यातले 1,250 पेन्शनकडे जातात, बाकीचे 550 दाजींच्या खात्यात. म्हणजे महिन्याला 2,350 शिल्लक पडते, वर व्याज. पेन्शनचं सूत्र असं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. आज 41, तर 58 पर्यंत सतरा वर्षं. पीएफसाठी धरलेला पगार पंधरा हजार, गुणिले सतरा भागिले सत्तर, म्हणजे महिना सुमारे 3,640. मोठी रक्कम नव्हे. पण सतरा वर्षं गाडी चालवून आज ह्या घरात त्या नावानं शून्य आहे. ही सतरा वर्षं तेव्हाच कुणी जोडली असती तर, हा विचार मला त्या रात्री फार लागला. मीच हिशेब लिहिणारा माणूस आणि माझ्याच बहिणीच्या घरी हा रकाना कोरा.

ईएसआयचं महत्त्व त्याहून जवळचं. घरातल्या सगळ्यांना उपचार, आणि दाजी आजारी पडले तर वर्षातून 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भरपाई. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत 90 टक्के. ही सोय महिन्याला 21,000 पर्यंतच्या पगाराला आहे आणि दाजी त्या रेघेच्या जेमतेम आत बसतात. पुढं पगार थोडा वाढला की ही सोय जाऊ शकते, तेव्हा वाढ मागताना तेही डोक्यात ठेवायचं.

एक दिवस गाडीवर

कागदावर एवढं कळलं. कागदावर न कळणारं बघायला मी दाजींना म्हणालो, हो म्हणायच्या आधी एक दिवस त्यांच्या कुणा ड्रायव्हरबरोबर बसून या. ठेकेदारानं परवानगी दिली. मे महिना होता, मीही रजा टाकून गेलो. वही नेली आणि घड्याळ बघून प्रत्येक गोष्टीची वेळ लिहिली. ह्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा कागद तोच.

पहाटे 4 ला गोदामाच्या गेटवर. आत डॉक, म्हणजे गाडी भरायचा फलाट, मोकळा नाही, नंबर लागायला वेळ. भरून, मोजून, सील लागून गाडी बाहेर पडली 7.05 ला. बार्शी 8.50. दुकानात माल उतरवून घेणारा माणूस साडेनऊनंतर येतो. 9.40 ला सुरुवात, 11.10 ला खाली. धाराशिव 12.25. तिथं जेवणाची सुट्टी. 1.30 ते 2.40 माल उतरला. तुळजापूर 3.25, दुकान छोटं, 4.30 ला मोकळे. रिकामे क्रेट भरून गोदामात 5.50, क्रेट मोजून, सह्या होऊन गेटबाहेर 6.35.

चौदा तास पस्तीस मिनिटं. त्यात गाडी चालली पाच तास पाच मिनिटं. साडेनऊ तास चाकं उभी.

बार्शीचं दुकान मुख्य रस्त्याला आहे, पण माल मागच्या बोळातून घ्यायचा. बोळ असा की दोन्ही आरशांच्या बाहेर वीत-वीतभर जागा. एका अंगाला गटाराचं फुटकं झाकण, दुसऱ्या अंगाला कुणाची तरी लावलेली मोटरसायकल, वर केबलच्या तारा बॉडीला घासतील अशा. त्या ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली ती चार तुकड्यांत. दर वेळी खाली उतरून झाकण बघायचं आणि परत चढायचं. शटरपाशी गाडी लागली तेव्हा त्याच्या मानेवरून घाम शर्टात उतरत होता. मग त्यानं आधी काय केलं असेल तर मोबाइल काढून सीलचा फोटो घेतला, नंबर दिसेल असा, आणि मगच सील तोडलं. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. दोनदा पगारातून पैसे कापले गेल्यावर तो आपणच शिकला होता.

मग माल. तेलाची खोकी, डाळीच्या गोण्या, साबणाचे बॉक्स, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे. ठेकेदार फोनवर म्हणाला होता, "हेल्पर असतो." त्या दिवशी हेल्पर आला नव्हता. दुकानातली दोन पोरं आत रचायला, गाडीतून काढून शटरपर्यंत आणणारा ड्रायव्हर एकटा. दाजींना बघवेना, तेही लागले. तिसऱ्या गोणीला त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि तसेच दोन श्वास उभे राहिले. मी बघतोय हे कळल्यावर हात काढला.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "मी गाडी चालवालालो सतरा वर्षं. पोतं उचलायला नाही आलो इथं."

ह्यात अहंकार नाही, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. मार्केट यार्डात ड्रायव्हर पोत्याला हात लावत नाही, कारण तिथं ते काम हमालाचं आहे आणि त्याची मजुरी ठरलेली आहे. 1969 च्या माथाडी कायद्यामागं महाराष्ट्रातल्या हमालांचा केवढा लढा आहे. त्या लढ्याचे नेते अण्णासाहेब पाटलांचं नाव यार्डात आजही आदरानं घेतात. नव्या दुकानांच्या मागच्या बोळात मात्र हमालच नाही. ते काम नाहीसं झालं नाही, ते ड्रायव्हरच्या अंगावर आलं, आणि त्याची किंमत थांब्यामागं पस्तीस रुपये.

उन्हाचंही सांगायला हवं. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 43 च्या पुढं जातो. बंद बॉडीच्या आत दुपारी दीड वाजता मी दोन मिनिटं उभा राहिलो आणि बाहेर आलो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे, पण रस्त्यावर आधीच पळणाऱ्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही. ही गाडी 2019 ची. शिवाय माल उतरवणारा केबिनमध्ये नसतो.

लायसनची गोष्ट

एक मुद्दा दाजींच्या ध्यानात नव्हता, माझ्याही उशिराच आला. ह्या गाडीचं माल धरून एकूण वजन कागदावर 7,490 किलो. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की 7,500 किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. अनेक ड्रायव्हरांच्या विम्याचे वाद त्यानं मिटले, चांगलंच झालं. पण दाजींच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की ज्या जागेवर ते बसणार, तिथं उद्या बावीस वर्षांचा कुठलाही पोरगा कारच्या लायसनवर बसू शकतो. त्यांचं अवजड वाहनाचं कसब ह्या नोकरीत कुणाला लागत नाही. म्हणून मी त्यांना एकच हट्ट धरला : अवजड लायसनचं नूतनीकरण चुकवायचं नाही. दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, डॉक्टरांचा दाखला लागतो. उद्या हे काम सुटलं तर परत दहाचाकीवर चढता आलं पाहिजे.

काय मागितलं, काय मिळालं

दोन रात्री घरी चर्चा झाली. ताई पहिल्या दिवशी हसत होती, वहीतल्या वेळा ऐकल्यावर गप्प झाली. मग तिनंच विचारलं, "पहाटे चारला गेटवर जायचं म्हणजे तीनला उठायचं. रात्री आठला जेवून झोपायचं. घरी असून नसल्यासारखंच की हे." ह्या वाक्यानं आमची दिशा बदलली. जावं की न जावं हे सोडून, कोणत्या अटींवर जावं ह्यावर आम्ही आलो.

तीन गोष्टी मागायच्या ठरल्या, तोंडी नाही, नेमणुकीच्या कागदावर.

पहिली हेल्परची. रोज हेल्पर, आणि नसेल त्या दिवशी थांब्याचे पैसे दुप्पट. ठेकेदारानं "रोज हेल्पर" लिहून दिलं, दुप्पट पैशांना नकार.

दुसरी तुटीची. सील शाबूत असेल आणि डॉकवर मोजलेली खोकी तेवढीच असतील, तर आतल्या कमी-जास्तीला ड्रायव्हर जबाबदार नाही, आणि दाखवल्याशिवाय कपात नाही. ही मागणी करताना मी ऐकीव बोललो नाही. 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमापासून नियम आहे की सोपवलेल्या मालाच्या नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीनं झालेलं असलं पाहिजे आणि त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. 2019 च्या वेतन संहितेतही ते आहे. आमच्या धंद्यात हा नियम जवळजवळ कुणी पाळत नाही, कारण कुणी विचारत नाही. विचारल्यावर ठेकेदारानं फार खळखळ न करता लिहून दिलं.

तिसरी वेळेची. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास काम आणि विश्रांती धरून बारा तासांच्या आत सगळा पसारा, अशी रेघ ओढली होती. आठ तासांचा दिवस नव्या श्रम संहितेतही आहे. आम्ही बारा तासांपुढच्या वेळेचे पैसे मागितले. साफ नाही म्हणाले. पण बोलता बोलता एक गोष्ट निघाली : गोदामात रात्रपाळी आहेच, मग गाडी रात्री का भरून ठेवत नाही? ठेकेदाराच्या माणसानं गोदामाच्या मॅनेजरला विचारलं आणि दोन गाड्यांना तशी सोय झाली. मोजणीच्या वेळी ड्रायव्हर हजर नसणार, म्हणून मोजणीच्या कागदावर गोदामाच्या माणसाची सही आणि सीलचा नंबर सकाळी हातात मिळाला पाहिजे असं ठरलं. त्यामुळे पहाटे चारचे साडेसहा झाले. माझ्या मते पैशांपेक्षा ही मिळकत मोठी, आणि ती वहीतल्या वेळांमुळे मिळाली. "फार वेळ जातो" म्हणून कुणी ऐकलं नसतं. "तीन तास पाच मिनिटं" म्हटल्यावर ऐकलं.

उचलीचं राहिलं होतं. दाजी मालकाकडे गेले तेव्हा मला बरोबर नेलं नाही. परत आले तेव्हा डोळे लाल होते. मालक म्हणाले होते, "महिन्याला पाच हजार देत जा, सात महिन्यांत फिटेल. आणि तिकडं नाही जमलं तर गाडी तुझीच आहे." नवीन पगारातून पाच हजार सात महिने जाणं सोपं नव्हतं. ताईनं ओव्हरटाइम धरला.

जूनपासून

1 जूनला दाजी रुजू झाले. मी त्यांना जा म्हणालो होतो, आणि आजही तेच म्हणेन, पण कमरेच्या अटीवर. ह्या वयात दुखणं एकदा घर करून बसलं तर ते परत दहाचाकीवरही चढू देणार नाही.

जून बरा गेला. पीएफचा नंबर मोबाइलवर आला तो मेसेज दाजींनी मला तीनदा दाखवला. जुलैत आषाढी वारी. पंढरपूरला जड गाड्यांचे रस्ते वळवलेले, दुकानांची मागणी मात्र रोजच्याहून जास्त. आठवडाभर पंढरपूरचा माल रात्री गेला आणि दाजी पहाटे घरी आले. ते वर्षातून एकदा चालायचंच. वाटेत वारकऱ्यांना पाणी दिल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी बघितलं.

ऑगस्टच्या पगारात 1,680 रुपये कापले, धाराशिवला तेलाचं एक खोकं कमी भरलं म्हणून. दाजींकडे सीलचा फोटो होता, मोजणीचा सही केलेला कागद होता. मी अर्ज लिहून दिला, दोन परिच्छेदांचा, नेमणुकीच्या कागदातलं कलम जसंच्या तसं उतरवून. सप्टेंबरच्या पगारात पैसे परत जमा झाले. मेमध्ये ज्याच्या गाडीत आम्ही बसलो होतो त्या ड्रायव्हरला ही गोष्ट कळल्यावर तोही त्याचे जुने कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याच्याकडे फोटो होते, पण मोजणीचा कागद एकही नव्हता.

हेल्परचं मात्र जमत नाहीये. ऑगस्टमध्ये 26 दिवसांपैकी नऊ दिवस हेल्पर आला नाही. दाजी आता पट्टा बांधून जातात आणि ते ताईपासून लपवतात. मी त्या नऊ तारखा लिहून ठेवल्या आहेत, सप्टेंबरच्या सातही. दाजींना सांगितलंय, दिवाळीपर्यंत बघू. दिवाळीचा माल हा वर्षातला सगळ्यात जड माल. त्या वेळी हेल्पर दिला नाही तर नोव्हेंबरात जुन्या मालकाला फोन करायचा. त्यांना हे पटलंय, पण पोरगीच्या सराव परीक्षा सुरू आहेत आणि रोज रात्री ते तिच्याजवळ बसतात, म्हणून ते पट्टा आणखी आवळून बांधतील अशी मला भीती आहे.

आता कोजागिरी आलीय. सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांसाठी तो रस्ता गाड्यांना बंद असतो. धाराशिवचा माल बार्शीवरून न्यायचा आणि त्याच रस्त्यानं परतायचं, म्हणजे अंतर वाढणार, वेळ वाढणार आणि तुळजापूरचा थांबा बुडणार. त्या दिवसांचे पैसे कसे धरणार हे दाजींनी ह्या वेळी आपल्याच अक्षरात लिहून विचारलंय. कागद सोमवारी दिला. ठेकेदाराचं उत्तर अजून आलेलं नाही.